चावऱ्या कुत्र्याचं सुतक

कांदिवलीतल्या त्या घरात बंडूचं दुःख दोघींना आहे आणि दोघीही ते एकमेकींपासून लपवत आल्या. वहिनीने त्याला शेवटचं इंजेक्शन देण्याच्या कागदावर सही केली. ताई म्हणजे तिची मोठी नणंद. बंडू चार महिन्यांचा असताना भर पावसात गटाराच्या कडेवरून उचलून तिनेच त्याला भावाच्या घरी आणलं होतं. एकीने आणला, दुसरीने पाठवला, असं नातेवाइकांत बोललं जातं. ते दोघींच्याही कानावर आलं आहे आणि दोघींनाही लागलं आहे.

बंडू अर्धा लॅब्राडोर, अर्धा गावठी. रंग गव्हाळ, एक कान उभा, एक पडलेला. गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. वहिनी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी करून ती सकाळी घरी यायची तेव्हा तो दारात तिच्याच चपलांवर हनुवटी टेकून पडलेला असायचा. ताई बँकेतून निवृत्त झाली आहे. आपल्या भागातल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणं, लस टोचून आणणं, नसबंदीसाठी पकडून नेणं आणि पुन्हा त्यांच्या जागी आणून सोडणं हे तिचं रोजचं काम. म्हणजे हा वाद कुत्री आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या माणसांमधला नाही. दोघींना कुत्री कळतात, दोघींचा बंडूवर जीव होता, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. नावं इथे दिलेली नाहीत. त्या एकमेकींना ज्या हाका मारतात, तेवढ्या पुरेत.

बोलणं एका रविवारी दुपारी झालं. भाऊ चिऊला घेऊन बाहेर गेला होता. चिऊ म्हणजे वहिनीची लेक, सात वर्षांची. तिच्या गालावरचे टाके निघाले आहेत, पण वण अजून लाल आहे.

“वहिनी, मी एकदाच विचारते, परत नाही विचारणार,” ताईने सुरुवात केली. “तुला दुसरा रस्ताच दिसला नाही का गं?”

“दिसले ना ताई. तुम्ही सांगितलेले सगळे दिसले, मला सुचलेलेही दिसले. एकेका रस्त्यावर मी शेवटपर्यंत जाऊन बघितलं, मगच सही केली.”

“शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?”

इथून पुढचं बोलणं सरळ झालं नाही. मध्येच चढलं, मध्येच थांबलं, मागे गेलं. पण बंडूच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं त्यातून उलगडत गेली.

सुरुवात ताटलीपासून झाली. खाताना कुणी जवळ गेलं की तो ताठ व्हायचा, घास न चावता गिळायचा आणि मग गुरगुरायचा. पुढे एकदा दूधवाल्याची विजार फाडली. त्यानंतर सोफ्यावरून खाली उतरवायला गेलेल्या भावाच्या हातात दात रुतवले. तेव्हा घरात एक डॉग ट्रेनर आला. त्याने काट्यांचा पट्टा आणला. बंडू गुरगुरला की त्याला उताणं पाडायचं आणि तो हार मानेपर्यंत दाबून धरायचं, असं त्याने घरच्यांना शिकवलं. त्याला कळलं पाहिजे घरात मालक कोण आहे, असं तो म्हणायचा.

ताईचा सगळ्यात मोठा राग या माणसावर आहे, आणि तो रास्त आहे. कळपात एक म्होरक्या असतो आणि तो दंडेलीने राज्य करतो, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून पसरली. तो अभ्यास पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांचा होता. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाने 1970 च्या आपल्या पुस्तकात तीच कल्पना मांडली. पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केल्यावर 1999 मध्ये त्यांनीच ती मोडीत काढली. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी रोज मारामारी होत नाही, हे त्यांनी दाखवलं. आणि आपल्याकडचा कुत्रा तर लांडगाही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2009 मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारण्याचा किंवा लाथ घालण्याचा उपाय ज्यांनी केला होता, त्यांच्यापैकी 43 टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमकपणा दाखवला होता. उताणं पाडून दाबण्याच्या बाबतीत हा आकडा 31 टक्के होता.

“गुरगुरणं म्हणजे तो सांगत होता ना, की मला भीती वाटतेय, लांब राहा,” ताई म्हणाली. “आपण त्याचं सांगणं बंद केलं, भीती तशीच ठेवली. मग पुढच्या वेळी तो न सांगता चावणार नाही तर काय करणार? मी तेव्हाच म्हणाले होते, त्या माणसाला हाकला.”

“म्हणाला होतात. आणि दोन आठवड्यांत आम्ही त्याला हाकललाही,” वहिनी म्हणाली. “पण ताई, त्या दोन आठवड्यांचं खापर मी किती वर्षं डोक्यावर घेऊ? त्याच्या आधीही तो चावलाच होता.”

या मुद्द्यावर लेखकाचं मत ताईच्या बाजूने आहे, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. आपल्या शहरांत कुणीही पट्टा आणि शिट्टी घेऊन स्वतःला ट्रेनर म्हणवतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्यायचं, हे घरोघरी माहीत असतं तर कितीतरी बंडू वाचले असते. लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी 2020 मध्ये लिहिलं की, वर्तनाची तक्रार घेऊन त्यांच्यासारख्या तज्ज्ञांपर्यंत पोचणाऱ्या कुत्र्यामांजरांत सावध अंदाजानेही सुमारे एक तृतीयांशांना कुठलं तरी शारीरिक दुखणं असतं. कंबरेचा सांधा, किडलेली दाढ, कानातला जुना संसर्ग, पाठीचा मणका. कुत्रा दुखतंय असं म्हणू शकत नाही. हात लागला की चावतो.

बंडूचंही तसंच निघालं. एक्स-रेमध्ये मागच्या उजव्या पायाचा खुबा झिजलेला दिसला. सोफ्यावरून ओढून उतरवताना तो का चावला, हे त्या काळ्या फिल्मवर लख्ख दिसत होतं. वेदनाशामक सुरू झालं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. मग वर्तनाचं काम जाणणाऱ्या पशुवैद्यांनी फ्लुऑक्सेटिन दिलं. माणसांना नैराश्यात देतात तेच हे औषध, त्याचा गुण दिसायला महिना-दीड महिना जातो. खाण्याची ताटली स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेली. तो जेवताना दार बंद. फिरायला नेताना तोंडाला जाळीची मझल, तीही चिकनचे तुकडे देऊन देऊन सवय केलेली. ताईने स्वतः येऊन ती सवय लावली होती.

“आठ महिने चांगले गेले,” वहिनी म्हणाली. “तेच आठ महिने मला सगळ्यात जास्त छळतात. मला वाटलं होतं, जिंकलो.”

मग एका संध्याकाळी चिऊ जमिनीवर बसून चित्र काढत होती. रंगपेटीतला एक खडू जेवणाच्या टेबलाखाली घरंगळला. टेबलाखाली बंडू झोपलेला होता. ती खडू घ्यायला वाकली. ना गुरगुर, ना दात दाखवणं. डोळ्यापासून बोटभर खाली, गाल फाटला. तिला बाजूला ओढून घेतल्यावर तो पुन्हा तिच्यावर धावून आला.

वहिनीने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली. लेक किंचाळत होती आणि परिचारिकेचे हात आपलं काम करत होते. चेहऱ्यावरचा, कातडी फोडून गेलेला चावा सगळ्यात गंभीर गटात मोडतो. त्यात नुसती लस पुरत नाही, जखमेतच रेबीजविरोधी सिरम टोचावं लागतं. बंडूच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या होत्या. तरीही सगळं केलं गेलं, आणि तसंच करायचं असतं.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चिऊचं मला दिसत नाही असं समजू नकोस. पण झोपेतून दचकून उठलेला, खुबा दुखणारा जीव तो. त्यात त्याचा काय गुन्हा?”

“काहीच नाही,” वहिनीने लगेच उत्तर दिलं. “त्याचा गुन्हा होता असं मी एकदाही म्हटलेलं नाही, ताई. मी त्याला शिक्षा केली असं तुम्हाला वाटतं का? शिक्षा करायची असती तर रागात केली असती. मला त्या दिवशीही त्याचा राग आला नव्हता.”

या दोन वाक्यांपाशी खरं तर सगळा वाद येऊन ठेपतो. आक्रमक कुत्र्याला मरण दिल्याच्या बातम्यांत सूड आणि न्याय यांचे शब्द येतात, बाहेरची माणसंही त्याच भाषेत विचारतात. घरातल्यांना मात्र माहीत असतं की आपण कुणाला दोषी ठरवलेलं नाही.

स्वभाव किती जन्माचा आणि किती वळणाचा, यावर दोघींचं थोडं जमलं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून 1965 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसाशी, आवाजांशी, जगाशी नातं जोडतं, आणि ते दिवस गेले की पुढे सगळं अवघड होतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. बंडू सापडला तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. दुसरीकडे, नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये सुरू केलेला कोल्ह्यांचा प्रयोग आहे. नुसती माणसाळू माणसाळू पिल्लं निवडत गेल्यावर काही पिढ्यांत शेपूट हलवणारे कोल्हे जन्मले, आणि तिथेच वेगळी निवड करून चावऱ्या कोल्ह्यांचीही एक ओळ तयार झाली. प्रेम कितीही केलं तरी सगळं प्रेमाच्या हातात नसतं, हे वहिनीला त्यातून दिसतं. ताईलाही दिसतं, पण ते मान्य करायला तिला जड जातं. कारण मग तिने आजवर उचलून घरोघरी दिलेल्या प्रत्येक पिल्लाबद्दल तिला पुन्हा विचार करावा लागतो.

“ठीक आहे, घरात ठेवणं शक्य नव्हतं,” ती म्हणाली. “मग वेगळं ठेवायचं. सुप्रीम कोर्टानेसुद्धा भटक्या कुत्र्यांबाबत हेच म्हटलं ना? नसबंदी करा, लस द्या, परत सोडा. फक्त पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, वेगळी ठेवा. मारा नाही म्हटलं.”

22 ऑगस्ट 2025 चा तो आदेश ताईला पाठ आहे. त्याआधी 11 ऑगस्टला राजधानी परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलण्याचा आदेश निघाला होता आणि देशभर गदारोळ झाला होता. तेव्हा ताईही रस्त्यावर उतरली होती.

“वेगळं ठेवा म्हणजे कुठे, ताई?” वहिनीने विचारलं. “तुमच्याच ओळखीच्या तीन शेल्टरना मी फोन केले. जागा नाही. एकाने घेतो म्हटलं, पण एकट्याच्या पिंजऱ्यात, बाहेर काढता येणार नाही, म्हणून स्पष्ट सांगितलं. बंडू सहा वर्षांचा. अजून सहा-सात वर्षं जगला असता. सहा वर्षं चार बाय सहाच्या जाळीत, दुखऱ्या खुब्यावर, आपल्यातलं कुणीही जवळ नसताना. तुम्ही अशी कुत्री बघितली आहेत. तुम्हीच मला सांगितलं होतं, ती गोल गोल फिरतात आणि स्वतःची शेपटी चावतात.”

ताईने मान हलवली. तिने बघितली आहेत.

“आणि शेतावर?” तिने तरीही विचारलं. “आपल्या मामांकडे?”

चावणारा कुत्रा शेतावर देणं हा आपल्याकडचा जुना उपाय. मोकळी हवा, राखणीचं काम, कुत्रा खूश. यावर वहिनीचं उत्तर ऐकण्यासारखं होतं.

“शेतावर कोण राहतं, ताई? मामा तर गावात राहतात. वस्तीवर गडी राहतो, त्याची बायको, दोन लहान मुलं. माझ्या मुलीला चावलेला कुत्रा मी त्यांच्या मुलांमध्ये सोडू? रात्री-अपरात्री सिरम कुठे मिळणार त्यांना? माझं मूल वाचवायला दुसऱ्याचं मूल पुढे करायचं, हे माझ्याने झालं नसतं.”

शहरातले अनेक सुशिक्षित लोक जे करतात आणि ज्याला दयाळूपणा म्हणतात, त्याचं खरं रूप या बाईने दोन वाक्यांत समोर ठेवलं. संध्याकाळी गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून येणारेही असेच सुटतात. त्यांचे हात स्वच्छ राहतात, कागदावर सही नसते, आणि पुढचा चावा त्यांना कळतही नाही.

ताईने मग युधिष्ठिराचं नाव काढलं. महाप्रस्थानाच्या वाटेवर बायको पडली, भाऊ पडले, पण मागे येणाऱ्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात पाय ठेवायला त्याने नकार दिला. “सोडायचं नाही, एवढाच धर्म मला कळतो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

“मी सोडला नाही त्याला,” वहिनी म्हणाली. “शेवटपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि युधिष्ठिराच्या मागे आलेल्या कुत्र्याने कुणाच्या लेकराचा गाल फाडला नव्हता.”

जुलै 2022 मध्ये लखनौत घरच्याच पाळीव पिटबुलने मालकाच्या आईचा जीव घेतला. ऐंशीच्या पुढच्या निवृत्त शिक्षिका होत्या त्या. तीही गोष्ट त्या दुपारी निघाली. बंडू पिटबुल नव्हता, असं ताई चटकन म्हणाली. मग वहिनीने तिला तिचंच बोलणं आठवून दिलं. केंद्राने 12 मार्च 2024 ला 23 जातींवर बंदी आणा म्हणून राज्यांना पत्र पाठवलं तेव्हा ताईने सोसायटीच्या बैठकीत उभं राहून विरोध केला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केलं तेव्हा पेढे वाटले होते.

“तुम्हीच म्हणाला होतात ना, जात बघू नका, समोरचा कुत्रा बघा? मी समोरचा कुत्रा बघितला, ताई.”

कायद्याकडून या घराला फारसा आधार मिळाला नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 13 वं कलम यातनेत तडफडणाऱ्या जनावराला मरण देण्याबद्दल आहे. चालता-फिरता, शेपूट हलवणारा आणि अधूनमधून चावणारा पाळीव कुत्रा त्यात सहज बसत नाही. उलट, पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होईल असा हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम मालकाला सहा महिन्यांपर्यंतची कैद सांगतं. अनेक पशुवैद्य नुसत्या आक्रमकपणासाठी इंजेक्शन द्यायला नकार देतात. बंडूच्या डॉक्टरांनी दुसऱ्या पशुवैद्याचं लेखी मत मागवलं, सगळ्या तपासण्या फाइलला लावल्या आणि मगच होकार दिला. पण लगेच नाही. दहा दिवस थांबा, म्हणाले.

या दहा दिवसांबद्दल बाहेर कुणालाच माहीत नसतं. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरला असेल तर कुत्रा पुढच्या दहा दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात. जिवंत कुत्र्याची खात्रीची तपासणी नाही, मेंदूच तपासावा लागतो. म्हणून चावलेल्या कुत्र्याला ताबडतोब मारायचं नसतं, बांधून ठेवून बघायचं असतं. ज्या घराने निर्णय घेतलेला आहे, त्या घराला त्या निर्णयासकट दहा दिवस त्याच्याबरोबर राहावं लागतं.

बंडू स्वयंपाकघराच्या गॅलरीत होता. जाळीच्या दाराखालून ताटली सरकवायची. चिऊ आजीकडे. वहिनी रोज त्याचे डोळे बघायची, पाणी पितोय का बघायची, चाल बघायची. तो रोज ठणठणीत होता. सकाळी ती आली की जाळीला नाक लावून शेपूट आपटायचा. औषध चालू होतं, ते शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवलं. खुबा दुखू नये म्हणून जुनी गादी घातली. “मी त्याच्यासाठी चिकन-भात शिजवायचे आणि शिजवताना मनात म्हणायचे, आज तरी गुरगुर, मला वाईट वाग, म्हणजे मला सोपं जाईल. तो गुरगुरला नाही. नवव्या दिवशी त्याने जाळीतून पंजा पुढे केला.”

ताई त्या दहा दिवसांत रोज यायची. गॅलरीच्या दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचत बसायची. अकराव्या दिवशी डॉक्टर घरी येणार होते. त्या दिवशी ती आली नाही.

“तुम्ही यायला हवं होतं,” वहिनी पहिल्यांदाच कठोर बोलली. “तो दाराकडे बघत होता.”

“आले असते तर त्याला घेऊन गेले असते,” ताई म्हणाली. “आणि कुठे नेलं असतं हे मला माहीत नव्हतं. म्हणून नाही आले.”

त्यानंतर दोघीही रडल्या. इतक्या दिवसांत प्रथमच एकमेकींसमोर.

डॉक्टरांनी आधी मांडीत गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. मझल घातलेली होती. तो जड झाल्यावर वहिनीनेच ती काढली. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई, आणि भुलीचं औषध नेहमीपेक्षा खूप जास्त मात्रेत. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. मिनिट-दोन मिनिटांत होतं. डोळे मिटत नाहीत, हे आधी सांगितलेलं असलं तरी बघणाऱ्याला ते जड जातं. महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे, पैसे घेत नाहीत. भावाने आणि वहिनीने त्याला तिथे नेलं.

पुढे काय झालं? काहीच नाही. आणि वहिनीचं मुख्य दुःख तेच आहे. वरच्या मजल्यावरचा म्हातारा पामेरियन मूत्रपिंडाच्या आजाराने गेला तेव्हा सोसायटीतली माणसं भेटायला गेली होती, कुणी जेवणाचा डबाही दिला होता. बंडू गेल्यावर दूधवाला म्हणाला, बरं झालं. लिफ्टमध्ये कुणी म्हणालं, सुटलात. एका प्राणिप्रेमी बाईंनी फोन करून सुनावलं की तुमच्यासारख्यांनी कुत्रा पाळूच नये. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकावर एक पुस्तक संपादित केलं. समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, ज्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, ते दुःख माणसाला एकट्याने वाहावं लागतं, आणि ते आत कुजतं. पाळीव प्राण्याचं मरण त्यातच येतं. ज्याला आपण स्वतः मरण दिलं आणि ज्याने आपल्याच लेकराला इजा केली, त्याचा शोक तर सगळ्यात तळाशी.

आपल्याकडच्या गोष्टीही इथे मदतीला येत नाहीत. रायगडावर वाघ्याची समाधी आहे, तिच्या खरेखोटेपणावर आजही वाद झडतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. सगळे इमानी. चावलेल्या आणि तरीही लाडक्या कुत्र्याची गोष्ट आपण सांगत नाही. मग अशा घराने कुणाकडे बघून रडायचं?

चिऊने तर कुणाला न विचारता निष्कर्ष काढला होता. ताईने ते त्या दुपारी सांगितलं, वहिनीला ते माहीतच नव्हतं. आजीकडे असताना चिऊने ताईला विचारलं होतं, “आत्या, मी खडू घ्यायला गेले नसते तर बंडू असता ना?”

“तुम्ही काय सांगितलंत?” वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता.

“सांगितलं की बंडूचा पाय दुखायचा आणि डोक्यातही काहीतरी बिघडलं होतं, ते डॉक्टरांनाही नीट करता आलं नाही. खडू कुणीही उचलतं. निर्णय मोठ्यांनी घेतला, तिने नाही. आणि…” ताई थांबली. “आणि सांगितलं की आईने बरोबर केलं.”

“तुम्हाला तसं वाटतं?”

“नाही,” ताई म्हणाली. “मला अजूनही वाटतं, अजून सहा महिने प्रयत्न करायला हवे होते. मी त्याला माझ्याकडे ठेवून बघायला हवा होता. पण ते चिऊच्या डोक्यावर नको. आणि तुझ्याही नको, खरं तर.”

दोघींचं मत तिथून पुढे जुळलं नाही, आणि जुळेल असं वाटतही नाही. या लेखाचं मत मात्र सांगायला हवं. न सांगता चावणारा, ओढून काढल्यावर पुन्हा धावून येणारा कुत्रा आणि सात वर्षांचं मूल एका छोट्या फ्लॅटमध्ये राहू शकत नाहीत. उपचार झाले होते, वेगळं ठेवण्याची माणुसकीची जागा उपलब्ध नव्हती. वहिनीचा निर्णय योग्य होता. ताईचं म्हणणंही तितकंच खरं आहे, फक्त ते दोन वर्षं आधीच्या बंडूबद्दल खरं आहे: पहिल्या गुरगुरीला एक्स-रे निघाला असता, काट्यांचा पट्टा आला नसता, तर कदाचित ही सही करावी लागली नसती. आणि निर्णय योग्य होता म्हणून शोक कमी होत नाही. वहिनीने आपला कुत्रा गमावला आहे.

तेव्हा तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात असं घर असेल तर तिथे जा. दुसरा रस्ता नव्हता का, हे विचारू नका. ते विचारून झालेलं असतं. कुत्र्याचं नाव घ्या, तो कसा होता ते विचारा आणि ऐका. आणि तुमच्या स्वतःच्या घरातला कुत्रा खाताना ताठ होत असेल, हात लावल्यावर गुरगुरत असेल, तर ट्रेनर शोधण्याआधी, ओरडण्याआधी, याच आठवड्यात त्याला पशुवैद्याकडे न्या आणि सांगा, याला कुठे दुखतंय ते बघा.